विन्याचा स्पेअर ॲम्प

वाजवणारी माणसं एकत्र बसली की संगीतावर बोलत असतील, असं लोकांना वाटतं. छे! आम्ही सामानावर बोलतो. कुणाची वायर कुठे तुटली, कुणाच्या ड्रमचं कातडं कुठल्या लग्नात फाटलं, रिक्षावाला काय म्हणाला. सूर, ताल वगैरे पाच मिनिटांत आटपतं, सामानाचं संपता संपत नाही. एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागोमाग दुसरा येऊन उभा राहतो, आणि चहा थंड होतो.

माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. विन्याच्या स्पेअर ॲम्पचे. रंगीत टीव्ही नुकते घराघरांत यायला लागले होते, तेव्हाचे.

आधीच सांगतो, मी ड्रम वाजवायचो. ड्रमला आवाज वाढवायला ॲम्प लागत नाही, ठोकला की वाजतो. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात माझं काहीच अडलेलं नव्हतं. मी आपला बघत होतो. अडलं होतं ते विन्याचं.

विन्या म्हणजे विनायक सावंत. राहायला घाटकोपरच्या भटवाडीत, नोकरीला मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, आणि डोक्यात चोवीस तास जॅझ. त्याची गिटार पोकळ पोटाची, जुनी. आमच्यातले तिसरे बर्नार्ड अंकल. मरोळ गावठाणातले, साठी उलटलेली, आणि स्वतःपेक्षा उंच असा, तारांचा डबल बेस वाजवायचे. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दर रविवारी दुपारी, लोक जेवत असताना, आम्ही तिघं दोन तास जॅझ वाजवायचो.

बाकी आठवडा विन्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायचा. जॅझसाठी अख्ख्या उपनगरात त्याला तेवढेच दोन तास होते. ते गेले असते तर तो पार खचला असता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं, म्हणून तो त्याबद्दल कधी बोलायचा नाही.

*

पहिला ॲम्प अंकलनीच बनवलेला. कुठल्यातरी बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारातून व्हॉल्व्ह आणले, जाड लाकडाचा खोका केला, त्याला पितळी कड्या लावल्या. आवाज झकास! पण उचलायला दोन माणसं लागायची, आणि रिक्षात ठेवला की माणसाला जागा उरायची नाही. आम्ही त्याला ‘कपाट’ म्हणायचो.

एका रविवारी वाजवता वाजवता कपाटातून चर्र्र आवाज आला आणि मागून धूर यायला लागला. विन्या वायर ओढायला धावला. अंकल बेस न सोडताच म्हणाले, “वाजवत राहा रे, कुणाचं लक्ष नाय.”

लक्ष होतं. पुढच्याच टेबलावरच्या बाईंनी वेटरला हाक मारली आणि कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, “ये सिझलर किसका है? हमने पहले ऑर्डर दिया था!”

जेवणं झाल्यावर हॉटेलचे मॅनेजर कर्णिकसाहेब आले. कर्णिकसाहेब सदैव टाय लावलेले, आणि आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, “सावंत, तुमचं यंत्र एक तर बंद पडतं, नाहीतर एवढ्या मोठ्यानं वाजतं की गिटार लोकांच्या सूपमध्ये पडते. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरच्या रविवारी ठरवायचंय. तोवर एखादं छोटं, भरवशाचं काहीतरी आणा. नाहीतर मी संतूरवाले बघतो.”

झालं! त्या दिवसापासून विन्याला तीन गोष्टी एकत्र असलेला ॲम्प हवा होता. एका हाताने उचलता येईल असा, फॅक्टरीतल्या पगारात परवडेल असा, आणि जॅझ वाजेल असा. जॅझचा आवाज म्हणजे काय, हे त्याने मला एकदा समजावून सांगितलं होतं. “कर्कश नको, फाटलेला नको. तुपासारखा पाहिजे रे. गरम भातावरच्या.”

*

तुपासारखा आवाज घरातच सापडला. विन्याच्या वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात, विन्याने त्यात गिटारची वायर खुपसली. पहिला सूर आला आणि पठ्ठ्याचे डोळे भरून आले. मी स्वतः बघितलंय.

वडील मालवणकडचे, गिरणीतून घरी बसलेले. रेडिओ हा त्यांचा दिवसभराचा सोबती. ते म्हणाले, “रेडिओ नेवा. पन मी वांगडा येतलंय.” रेडिओ एकटा जाणार नाही, त्याच्याबरोबर ते येणार.

रविवारी आले. धुतलेला लेंगा, डोक्यावर टोपी, हॉटेलच्या स्टेजवर रेडिओशेजारी खुर्ची टाकून बसले. एक हात रेडिओवर. कर्णिकसाहेबांनी दुरून पाहिलं, पण आवाज इतका गोड येत होता की ते तसेच मागे फिरले. परदेशी विमानांचा स्टाफ जेवत होता, एकाने तर टाळीही वाजवली. विन्या रंगात आला. डोळे मिटून वाजवत होता.

बरोबर बातम्यांच्या वेळेला वडिलांनी घड्याळ बघितलं आणि बटण फिरवलं. गिटार गप्प! सगळ्या हॉलमध्ये खणखणीत मराठीतून सूचना सुरू झाली, कोकण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी होड्या पाण्यात घालू नयेत.

“बाबा!” विन्या ओरडला.

वडील शांतपणे म्हणाले, “बातम्यांचो टायम झालो. तुझा काय ता मगे वाजय.”

बातम्या संपेपर्यंत रेडिओला हात लावायची कुणाची टाप नव्हती. अंकलनी तेवढ्यात सूप मागवून घेतलं.

*

त्यानंतर अंकलच्या पुतण्याने बोटीवरून येताना एक जपानी ॲम्प आणला. पुतण्या राहायला खारदांड्याला, आम्ही तिघं तिकडे बघायला गेलो. काय देखणा होता! टिफिनच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, वर कातडी मूठ. विन्याने एका बोटावर उचलून दाखवला.

इथे एक सांगायला पाहिजे. विन्याची नोकरी काय होती? फॅक्टरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनचं व्होल्टेज तपासायची. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तेच. तपासायचं आणि शिक्का मारायचा.

तर हा व्होल्टेजवाला माणूस आनंदाच्या भरात प्लग घेऊन सरळ भिंतीकडे गेला. ॲम्पच्या पाठीवर मोठ्या अक्षरात ११० लिहिलं होतं. आपल्याकडे २३०.

फट्! एवढाच आवाज झाला. जपानी ॲम्पचा आम्ही ऐकलेला एकमेव आवाज.

पुतण्याच्या आईने पंखा लावला. मग अंकल हळूच म्हणाले, “सायबा, तुझा शिक्का मारलेला माल घेतं कोण रे?”

विन्या दोन दिवस गिटारला शिवला नाही. मला खरंच वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला, तो मांडववाल्याचा नंबर मागायला.

*

मांडववाल्याने पूजेला लावतात तसलं मशीन दिलं. मशीन लहान होतं, पण त्याच्याबरोबर स्पीकर म्हणून भोंगा आला. बॉक्सचे स्पीकर सगळे लग्नात गेले होते. “भोंगा तर भोंगा,” म्हणून विन्याने शनिवारी सकाळी तो चाळीच्या गॅलरीत बांधला आणि टेस्टिंगला सुरुवात केली. मी चहाला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांदेखत घडलं.

भोंग्यातून जॅझ कसा येतो? नाकातून आल्यासारखा. विन्या आठ-दहा मिनिटं बटणं फिरवत बसला. तेवढ्यात खाली गडबड ऐकू आली. वाकून बघतो तर रेशनच्या दुकानापासून लाइन लागलेली! पन्नासेक माणसं, प्रत्येकाच्या हातात रॉकेलचा डबा आणि रेशनकार्ड. त्या वस्तीत सकाळच्या वेळी भोंगा वाजायचा तो रॉकेल आल्याचं सांगायलाच. आधी खरखर, मग घोषणा. आज खरखर बरीच लांबली, एवढंच लोकांना वाटलं.

विन्या घाबरला. “अरे, वाट लागली! आता ही माणसं मला मारतील.”

इतक्यात त्याची आईच डबा घेऊन आतून लगबगीने आली. त्याच्या मांडीवरची गिटार बघून म्हणाली, “बसलायस काय वाजवत? पळ, नंबर लाव आधी!”

आता पुढचं ऐका. दुकानदार चार दिवस सगळ्यांना सांगत होता, रॉकेल संपलंय, मंगळवारी या. ती लाइन बघून त्याला वाटलं वरून तपासणीला साहेब येणार आहेत, आणि त्याने मुकाट्याने शटर वर केलं. आत तीन पिंपं! संध्याकाळपर्यंत सगळ्यांना रॉकेल मिळालं. पुढे कितीतरी दिवस बायका विन्याला विचारायच्या, “परत कधी वाजवणार रे?”

जॅझला एवढी मागणी मी आयुष्यात दुसरीकडे पाहिली नाही. ॲम्प म्हणून भोंगा अर्थातच नापास.

*

मधल्या एका शनिवारी मढला लग्न होतं. दुरुस्त केलेलं कपाट न्यायचं ठरलं, कारण दुसरं होतंच काय! वर्सोव्याला होडीत चढवायचं, पलीकडे उतरवायचं. विन्या आणि मी दोन्ही बाजूंनी कड्या धरून वाळूतून चाललो होतो. दहा पावलं चालायचं, ठेवायचं. दहा पावलं, ठेवायचं.

मागून एक कोळीण येत होती. पाटी रिकामी करून परत निघालेली. तिने आमची दोन-तीन ठेवाठेव बघितली आणि तिला ते सहन होईना.

“व्हा रं बाजूला!” ती म्हणाली. पाटी माझ्या हातात दिली, डोक्यावर चुंबळ ठेवली, “लावा हात.” आम्ही हात लावला. कपाट तिच्या डोक्यावर गेलं आणि ती चालायला लागली. हात सोडून! मी पाटी घेऊन मागे, विन्या गिटार घेऊन माझ्या मागे, आणि अंकल बेस खांद्यावर टाकून सर्वांत शेवटी.

होडीत बसल्यावर तिने विचारलं, “काय हाय रं यात?”

“गिटारचा आवाज मोठा करायचं मशीन आहे, मावशी.”

“माज्या म्हावऱ्याला बरफ लागतं. याला काय लागतं?”

“लाइट लागते.”

“आनि लाइट नसली तर?”

“तर काही नाही. मग हा नुसता खोका.”

तिने विन्याकडे नीट पाहिलं. लग्न ठरलेल्या मुलाची चौकशी करताना बायका बघतात, तसं. मग मान हलवून म्हणाली, “मंग म्हावराच बरा.”

*

महिनाअखेरच्या रविवारला आठ दिवस उरले होते. विन्याचं जेवणात लक्ष नव्हतं. मी त्याला म्हटलं, “यार, एवढं काय? नाही झालं तर नाही झालं.” तो माझ्यावर खेकसला. “तुला काय जातंय बोलायला! तुझा ड्रम कुठेही वाजतो. मला ती जागा गेली तर दुसरी नाही रे, अरुण.” बरोबरच होतं त्याचं.

आणि त्याच दिवशी अंधेरी स्टेशनबाहेर आम्हाला साळवेमामा दिसले. ढेकणाची पावडर विकायचे. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली पेटी, तिच्यात आठ सेल, हातात माइक. “रात्रभर खाजवू नका, दहा मिनिटांत निकाल!” असं चाललेलं. विन्या ढेकूण विसरून पेटीकडेच बघत राहिला. एका हातात मावणारी, आणि लाइटची गरज नाही!

“मामा, याला गिटार लावून बघू?”

मामा मूळचे जालन्याकडचे, उमद्या स्वभावाचे. “लाव की! माइकला लागतं ते गिटारला न लागायला काय झालं?”

विन्याने फूटपाथवर उभं राहून वाजवलं. गरम भातावरचं तूप नाही, पण डालडा नक्की होतं. गोल, मऊ आवाज. घोळका जमला. मामांनी ती संधी सोडली नाही, सूर चालू असतानाच पुड्या वाटायला लागले. पाचच मिनिटांत पिशवी रिकामी!

गर्दीतल्या एका बाईंनी पुडी हातात घेऊन विन्याला अगदी गंभीरपणे विचारलं, “हे वाजवल्यावर ढेकूण बाहेर येतात, की आतल्या आतच मरतात?”

विन्या माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

“आतच,” तो म्हणाला.

“मग बरंय. झाडायला नको,” म्हणून बाईंनी आणखी दोन पुड्या मागितल्या.

मामांकडे तशीच एक जुनी पेटी घरी होती, ती त्यांनी विन्याला दिली. काय घेतलं ते सांगत नाही, विन्याला परवडलं. मामा म्हणाले, “त्या हाटेलातलं बंद पडलं तर हिकडं ये. आपल्याकडं जागा कायम हाय.”

*

महिनाअखेरचा रविवार. कपाट नेलं, कारण आवाज त्याचाच झकास, मुख्य तेच. पेटी शेजारी ठेवली, स्पेअर म्हणून, आणि ती बॅटरीवर चालते हे विन्याने कर्णिकसाहेबांना सांगूनही टाकलं. कर्णिकसाहेब दाराशी उभे. हॉल भरलेला. पहिली तीन गाणी व्यवस्थित झाली, कपाट शहाण्यासारखं वागलं. विन्या माझ्याकडे बघून हसला पण.

चौथ्या गाण्यात लाइट गेली. हॉटेलचीच नव्हे, सगळ्या भागाची. पंखे बंद, एसी बंद, कपाट बंद. दुपार असल्यामुळे खिडक्यांतून उजेड होता, पण जनरेटर काही सुरू होईना. पाच मिनिटांत लोक रुमालाने वारा घ्यायला लागले, दोन टेबलं उठायच्या तयारीत.

कर्णिकसाहेब झपाझप स्टेजजवळ आले. “सावंत, ती बॅटरीची पेटी आहे ना तुमच्याकडे? मग बघताय काय? वाजवा! लोक उठतायत!”

“हो सर,” विन्या म्हणाला, आणि पेटीचं झाकण उघडून तसाच थिजला.

मी वाकून बघितलं. आत आठ सेलांच्या आठ रिकाम्या जागा.

“अरुण,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “सेल उन्हात ठेवले होते रे. जरा तरतरी यावी म्हणून. गॅलरीच्या कठड्यावरच राहिले.”

सेल उतरले की आपण सगळेच उन्हात ठेवतो, त्याला काय दोष द्यायचा? पण विन्याचा चेहरा मला बघवेना. इतके दिवस मी तटस्थ वगैरे होतो, त्या क्षणी माझंही अडलं. कर्णिकसाहेब चार पावलांवर उभे होते.

अंकलनी झाकण पायाने लोटून बंद केलं. “सायबा, वायर लाव आणि वाजव,” ते पुटपुटले.

विन्याने वायर पेटीत खुपसली आणि वाजवायला लागला. नुसती गिटार. पोकळ पोटाची लाकडी गिटार, तिचा असेल तेवढा आवाज. अंकलनी बेस अगदी बोटांच्या टोकांनी घेतला. मी काठ्या खाली ठेवल्या, हलकं वाजवायचे तारांचे ब्रशही ठेवले, आणि ड्रमवर नुसती बोटं फिरवत राहिलो. एसीची घरघर नव्हती, पंख्याची नव्हती. उठलेली माणसं उभ्या उभ्या ऐकायला लागली, मग खाली बसली. कुणीतरी चमचा ताटात ठेवला, तो ऐकू आला. विन्याने इतकं सुंदर आधी कधी वाजवलं नव्हतं, आणि हे मी मित्र म्हणून बोलत नाही.

कर्णिकसाहेब हाताची घडी घालून पूर्ण गाणं ऐकत राहिले. दुसरं सुरू झालं तेव्हा स्टेजवर आले.

“अहो सावंत, हे आधी का नाही आणलंत?” ते हळू आवाजात म्हणाले. “वर्षभर हीच पेटी आणायची. ते कपाट मला इथे दिसता कामा नये. जाताना कॉन्ट्रॅक्टवर सही करून जा.”

विन्याने वाजवता वाजवता मान डोलावली.

“फक्त आवाज अजून किंचित मोठा आहे,” कर्णिकसाहेब म्हणाले. त्यांनी वाकून पेटीचं बटण धरलं आणि हलकेच डावीकडे फिरवायला लागले. विन्याची नजर त्यांच्या बोटांवर होती. बटण जसजसं फिरलं, तसतसा त्याने उजवा हात हलका करत नेला.

“हां!” कर्णिकसाहेब सरळ उभे राहत म्हणाले. “आता अगदी बरोबर!”